६ मिमी प्रिसिजन रायफलची नवी नळी: पीळ १:८ घ्यावा की १:७.५?

पायथ्याचा पांथस्थ (डेन्व्हर)

नमस्कार मंडळी. मी डेन्व्हरजवळ राहतो आणि प्रिसिजन रायफलच्या सामन्यांसाठी ६ मिमी क्रीडमूर काडतुसाची एक बोल्ट अ‍ॅक्शन रायफल बांधून घेत आहे. अ‍ॅक्शन, ट्रिगर, चासी आणि दुर्बीण हे सगळे ठरले आहे, नळीची लांबी २६ इंच हेही ठरले आहे. घोडे अडले आहे ते नळीच्या पिळापाशी. नळी करणारा कारखाना १:८, १:७.५ आणि १:७ असे तीन पर्याय सारख्याच किमतीत देतो, आणि सारख्या किमतीतले पर्याय महागड्या पर्यायांपेक्षा जास्त डोके खातात असा माझा अनुभव आहे.

या विषयात नवीन असलेल्यांसाठी एवढेच सांगतो की १:८ याचा अर्थ नळीतले आटे गोळीला दर ८ इंचांत एक पूर्ण फेरा देतात. दुसरा आकडा जितका लहान, तितका पीळ घट्ट आणि गोळीची गिरकी वेगवान. लांब गोळीला हवा उलथवू पाहते, आणि गिरकी पुरेशी असेल तरच तिचे टोक भोवऱ्यासारखे सरळ राहते.

मी जे गणित मांडले आहे ते डॉन मिलर यांच्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या सूत्राने मांडले आहे. गोळीचे ग्रेनमधले (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे लहान माप) वजन ३० ने गुणायचे, आणि त्या गुणाकाराला पिळाचा वर्ग, व्यासाचा घन, लांबी आणि (१ + लांबीचा वर्ग) या चौघांच्या गुणाकाराने भागायचे. यात व्यास इंचांत, तर पीळ आणि लांबी कॅलिबरमध्ये, म्हणजे व्यासाच्या किती पट या मापात, घ्यायची असते. आलेल्या आकड्याला वेग भागिले २८०० याच्या घनमुळाने गुणले की स्थैर्य गुणांक मिळतो. माझी गोळी १०५ ग्रेनची आहे, कॅलिपरने लांबी १.२५ इंच भरते, टोकाला प्लास्टिक नाही, आणि नळीच्या तोंडाशी वेग २९५० फूट प्रतिसेकंद धरला आहे. समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेत, म्हणजे १५ अंश सेल्सिअस आणि पाऱ्याच्या २९.९२ इंच दाबाला, उत्तरे अशी येतात: १:८ ला १.४६, १:७.५ ला १.६६ आणि १:७ ला १.९१.

गुणांक १ च्या खाली गेला तर गोळी कोलमडते, आणि १.५ किंवा त्याहून जास्त असावा असे ब्रायन लिट्झ यांच्यासारखे बॅलिस्टिक्सचे जाणकार सांगतात. १ आणि १.५ च्या मधल्या पट्ट्यात गोळी लक्ष्यावर जाते खरी, पण किंचित डुगडुगत जाते आणि तिचा बीसी, म्हणजे हवेचा विरोध भेदण्याची क्षमता दाखवणारा आकडा, घटतो. म्हणजे १:८ चा पीळ दीडच्या उंबरठ्याच्या जरासाच अलीकडे राहतो. तेव्हा ०.०४ च्या तुटीसाठी १:७.५ कडे जावे का, आणि गेल्यास त्याची किंमत कुठे मोजावी लागते, हा माझा प्रश्न आहे.

लेथवाला (मिशिगन)

पांथस्थराव, गणित बरोबर आहे, पण तुम्ही ते समुद्रसपाटीला मांडले आहे आणि राहता डेन्व्हरला. स्थैर्य गुणांक हवेच्या घनतेच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. तुमच्याकडे ५२८० फुटांवर हवेचा खरा दाब साधारण २४.६ इंच असतो. उन्हाळ्यातला २७ अंशांचा दिवस धरला तर त्याच १:८ च्या नळीत गुणांक १.८५ पर्यंत चढतो आणि १:७.५ मध्ये २.१० होतो. म्हणजे घरच्या मैदानावर तुमचा प्रश्न सुटलेलाच आहे.

आता तीच रायफल घेऊन आमच्याकडे जानेवारीत या. आम्ही जवळपास समुद्रसपाटीला आहोत आणि उणे १८ अंश हे इथे कुणाला नवल वाटावे असे तापमान नाही. अशा हवेत १:८ चा गुणांक १.२९ वर घसरतो आणि १:७.५ चा १.४७ राहतो. शिवाय थंडीत दारूचा दाब कमी पडून वेगही थोडा उतरतो, पण वेगाचे घनमूळ घ्यायचे असल्यामुळे त्याचा परिणाम किरकोळ असतो. खरा मार बसतो तो हवेच्या घनतेचा. म्हणून पीळ ठरवताना पहिला प्रश्न तुम्ही कुठल्या सर्वात थंड आणि सर्वात सखल मैदानावर सामने खेळणार आहात हा आहे, आणि दुसरा प्रश्न नळीच्या आयुष्यात सर्वात लांब गोळी कोणती वापरणार आहात हा.

एक सूचना, कारण यात भलेभले फसतात. फोनवरचे हवामानाचे अ‍ॅप जो दाब दाखवते तो समुद्रसपाटीला रूपांतरित केलेला असतो. डेन्व्हरला उभे राहूनही ते ३० इंच दाखवेल. गणितात घालायचा तो जागेवरचा खरा दाब. हातातल्या वाऱ्याच्या मीटरवर तो मिळतो. अ‍ॅपचा आकडा घातला तर डोंगरावरच्या माणसाला समुद्रकिनाऱ्याचे उत्तर मिळते आणि तो उगाच घट्ट पीळ घेतो.

जुनी पाने (न्यू जर्सी)

लेथवाले म्हणतात त्या थंडीचा दाखला इतिहासात चांगला ठळक आहे. एआर-१५ ही रायफल सुरुवातीला १:१४ पिळाची होती आणि ५५ ग्रेनच्या गोळीला तो पीळ जेमतेम पुरत होता. अमेरिकी हवाई दलाच्या कडाक्याच्या थंडीतल्या चाचण्यांत, उणे ६५ अंश फॅरनहाइटला, त्याच रायफलची अचूकता ढासळली. त्या तापमानाला हवेची घनता इतकी वाढते की स्थैर्य गुणांकाचा जवळजवळ चौथा हिस्सा नाहीसा होतो, आणि मुळातच काठावर असलेल्या गोळीकडे तेवढी शिल्लक नव्हती. १९६३ मध्ये पीळ १:१२ करण्यात आला. पुढे एम१६ए२ या तिच्या सैनिकी आवृत्तीत तो थेट १:७ वर गेला, आणि त्याचे कारण ६२ ग्रेनची साधी गोळी हे नव्हते, कारण तिला १:९ सुद्धा पुरतो. कारण होते तिच्या जोडीची ट्रेसर गोळी (जळत जाऊन आपला मार्ग दाखवणारी), जी बरीच लांब असते. सैन्याने सर्वात लांब गोळीसाठी पीळ निवडला, एवढाच त्याचा अर्थ.

तुमच्याच ६ मिमी व्यासातले उदाहरण याहून बोलके आहे. १९५५ साली विंचेस्टरने .२४३ आणि रेमिंग्टनने .२४४ ही काडतुसे बाजारात आणली. रेमिंग्टनचे काडतूस दारूच्या क्षमतेत काकणभर सरसच होते, पण त्यांच्या डोळ्यांसमोर शेताची नासधूस करणारे लहान प्राणी मारणारा गिऱ्हाईक होता, म्हणून त्यांनी १:१२ पीळ ठेवला आणि गोळ्या ९० ग्रेनपर्यंत दिल्या. विंचेस्टरने १:१० ठेवून १०० ग्रेनची गोळी दिली. एकाच रायफलीत हरीणही मारायचे म्हणणाऱ्या लोकांनी .२४३ उचलली. रेमिंग्टनने पीळ १:९ करून १९६३ मध्ये तेच काडतूस ६ मिमी रेमिंग्टन या नावाने पुन्हा आणले, पण तोवर बाजार हातचा गेला होता. दोन इंचांच्या पिळाने एक चांगले काडतूस मागे पडले.

कागदवेधी (ओहायो)

वरचे दोन्ही प्रतिसाद पटण्यासारखे आहेत, पण सगळे एकाच बाजूला झुकलेले दिसतात, म्हणून बेंचरेस्ट नेमबाजाची, म्हणजे रायफल टेबलावर टेकवून कागदावर मारणाऱ्याची, बाजू मांडतो. आम्ही १०० आणि २०० यार्डांवर ६ पीपीसी हे काडतूस वापरतो आणि त्यातल्या ६५ ते ६८ ग्रेनच्या सपाट बुडाच्या गोळ्यांना १:१४ च्या आसपासचा पीळ देतो. हे हौसेपोटी नाही. कोणत्याही गोळीचा गुरुत्वमध्य तिच्या भौमितिक अक्षावर तंतोतंत नसतो. नळीत असताना गोळी अक्षाभोवती फिरवली जाते, तोंडातून सुटताच ती गुरुत्वमध्याभोवती फिरू लागते, आणि सुटण्याच्या क्षणी गुरुत्वमध्य ज्या बाजूला सरकत असेल त्या बाजूला तिला एक आडवा धक्का मिळतो. या धक्क्याचा कोन काढणे सोपे आहे: दोन पाय गुणिले गुरुत्वमध्याचे विचलन, भागिले पीळ.

विचलन एका इंचाचा दहाहजारावा भाग धरले तर १:१४ ला हा कोन ०.१५ एमओए (एक एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) येतो आणि १:८ ला ०.२७ एमओए. आमच्या खेळात पाच गोळ्यांचा अख्खा ग्रूप पाव इंचाच्या आत ठेवावा लागतो, तिथे हा फरक म्हणजे जिंकणे आणि घरी जाणे यांतला फरक आहे. म्हणून माझे तत्त्व असे की गोळीला लागेल तेवढाच पीळ द्यावा. १:८ मध्ये पांथस्थांचा गुणांक डेन्व्हरला १.८ च्या घरात आहे. आणखी पीळ कशासाठी?

दुसरा मुद्दा गिरकीच्या वेगाचा. वेग गुणिले ७२०, भागिले पीळ, असे केले की मिनिटाला किती फेरे ते मिळते. २९५० फूट प्रतिसेकंदाला १:८ देतो २,६५,५००; १:७.५ देतो २,८३,२००. आणि १:७ देतो ३,०३,४००. तीन लाखांच्या आसपास पातळ जॅकेटच्या, म्हणजे शिशावरच्या धातूच्या वेष्टनाच्या, गोळ्या हवेत फुटू शकतात हा ढोबळ पण उपयोगी नियम आहे. जॅकेट केवळ गिरकीने फाटत नाही. लांब नळीतले घर्षण, थ्रोट (नळीत आटे सुरू होतात तो भाग) झिजून खडबडीत झालेली असणे आणि आतले शिसे तापणे यांचाही त्यात वाटा असतो, आणि ६ मिमी क्रीडमूरची थ्रोट लवकर झिजते हे सर्वश्रुत आहे. लक्ष्याच्या कागदाआधीच राखाडी धुराची बारीक रेघ दिसते आणि कागद कोरा राहतो. तो प्रकार सामन्यात घडला तर नेमबाज आधी स्वतःला, मग दुर्बिणीला आणि सर्वात शेवटी गोळीला दोष देतो.

लेथवाला (मिशिगन)

कागदवेधींच्या सूत्राबद्दल वाद नाही. पण तेच सूत्र १:८ आणि १:७.५ च्या तुलनेला लावून पाहा: ०.२७ एमओए आणि ०.२९ एमओए. फरक ०.०२ एमओए, म्हणजे १०० यार्डांवर दोनशतांश इंच. प्रिसिजन रायफलच्या सामन्यांत नेमबाज बॅरिकेडवर, दगडावर, छपराच्या उतारावर रायफल टेकवून वेळेच्या बंधनात पोलादी पाटीवर मारतो. तिथे दोनशतांश इंच कुणाला दिसणार? १:१४ आणि १:८ मधला फरक खरा आहे, १:८ आणि १:७.५ मधला कागदावरचा आहे. बेंचरेस्टचा निष्कर्ष जसाच्या तसा इथे आणण्यात हीच अडचण आहे.

तीन लाखांच्या मर्यादेबद्दल मात्र मी त्यांच्या बाजूने आहे. त्याच कारणाने १:७ यादीतून काढून टाकावा असे माझे मत आहे. २८३ हजार आणि ३०३ हजार यांतले अंतर दिसते त्याहून महत्त्वाचे आहे, कारण गोळीवरचा अपकेंद्री ताण गिरकीच्या वर्गाने वाढतो.

घट्ट पिळाने वेग कमी होतो आणि दाब वाढतो असेही ऐकू येते, म्हणून तेही मोजून टाकू. १०५ ग्रेनची गोळी १:८ मधून निघते तेव्हा तिच्या गिरकीत साठलेली ऊर्जा सुमारे साडेबारा जूल असते आणि पुढे जाण्यातली ऊर्जा सुमारे २७५० जूल. अर्ध्या टक्क्याहूनही कमी. १:७.५ केल्याने त्यात दीड-पावणेदोन जूलची भर पडते. क्रोनोग्राफवर, म्हणजे वेग मोजणाऱ्या यंत्रावर, हे दिसणार नाही. एकाच कारखान्याच्या दोन नळ्यांमधला वेगाचा फरक याहून कितीतरी जास्त असतो.

बे एरियातला सांगलीकर

मी सामने खेळत नाही, शिकार करतो, पण माझा अनुभव इथे उपयोगी पडेल असे वाटते. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कोणत्याही शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या वापरायला बंदी आहे, त्यामुळे आम्हाला अखंड तांब्याच्या गोळ्या घ्याव्या लागतात. शिशाची घनता ११.३४ आणि तांब्याची ८.९६. याचा परिणाम असा की त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, किंवा त्याच लांबीची तांब्याची गोळी हलकी होते, आणि दोन्हींत स्थैर्य गुणांक घटतो. पांथस्थांच्या १.२५ इंच लांबीच्या गोळीचे वजन तांब्यात ९५ ग्रेन धरले तर १:८ मध्ये १.४६ चा गुणांक १.३२ वर येतो.

डब्यावर फक्त वजन छापलेले असते आणि दुकानातला माणूसही वजनावरून पीळ सांगतो. सूत्र बघितले तर वजन वरती एकदाच येते आणि लांबी खालती जवळजवळ घनाने येते. वजन सारखे असलेल्या दोन गोळ्यांना वेगवेगळा पीळ लागणे हे म्हणून नवलाचे नाही. लांब प्लास्टिकच्या टोकाच्या गोळीत उलटा प्रकार होतो: टोक लांबी वाढवते पण वजनात जवळपास काहीच भर घालत नाही, त्यामुळे टोकासकट लांबी मूळ सूत्रात घातली तर उत्तर वाजवीपेक्षा निराशाजनक येते. अशा गोळ्यांसाठी सूत्राची सुधारित आवृत्ती आहे आणि गोळी करणाऱ्यांच्या संकेतस्थळांवरच्या गणकांत टोकाची लांबी वेगळी विचारतात.

पन्नास मीटर (पुणे)

मी .२२ ने ५० मीटर खेळते, म्हणून थोडा बाजूचा प्रश्न विचारते. आमच्या सगळ्या सामन्याच्या रायफलींचा पीळ जवळपास सरसकट १:१६ असतो. स्वप्नील कुसळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे कांस्यपदक घेतल्यापासून आमच्या रेंजवर नवीन मुले पुष्कळ येतात, आणि त्यांतली अभियांत्रिकीची मुले हमखास विचारतात की इथे पिळाची चर्चा कुणीच का करत नाही. मला समाधानकारक उत्तर देता आलेले नाही. शिवाय हजार यार्डांवर मारायचे तर जास्त पीळ हवा आणि पन्नास मीटरला कमी चालतो, असे आमचे एक प्रशिक्षक म्हणतात ते खरे आहे का?

पायथ्याचा पांथस्थ (डेन्व्हर)

ताई, तुमच्या खेळात चर्चा होत नाही कारण तिथे निवडीला वावच नाही. .२२ लाँग रायफलची गोळी ४० ग्रेनची, बुटकी आणि गोल नाकाची असते, सामन्याच्या काडतुसाचा वेग ध्वनीच्या वेगाच्या किंचित खाली ठेवलेला असतो, आणि सगळे कारखाने त्याच एका आकाराच्या आसपास फिरतात. गोळी बदलत नाही म्हणून पीळही बदलत नाही. मिलर यांचे सूत्र मुळात स्वनातीत वेगांसाठी बसवलेले आहे, तरी त्यातून १:१६ ला १.४ च्या आसपास उत्तर येते, म्हणजे गोळीला पुरेसा आणि वाजवीपेक्षा फार जास्त नाही. ज्यांना .२२ ने तीनचारशे यार्डांपलीकडे मारायचे आहे आणि त्यासाठी लांब, टोकदार गोळी वापरायची आहे, ते लोक मात्र घट्ट पिळाच्या नळ्या करून घेतात.

प्रशिक्षकांच्या विधानाशी मी सहमत होऊ शकत नाही, आणि हा गैरसमज इथल्या मैदानांवरही सर्रास आहे. गोळी पुढे जाते तसा तिचा पुढचा वेग हवेच्या विरोधाने झपाट्याने घटतो, पण गिरकी फार हळू घटते. उलथवणारे बल वेगावर अवलंबून असल्याने तेही घटते. म्हणजे गिरकीमुळे मिळणारे स्थैर्य अंतराबरोबर वाढत जाते. सर्वात नाजूक क्षण नळीच्या तोंडाशी असतो. शंभर यार्डांवर जी गोळी या अर्थाने स्थिर आहे ती हजारावर त्याहून स्थिर असते. लांबवर गोळ्या बिघडतात त्या ध्वनीच्या वेगाजवळ येताना, आणि ते बिघडणे गोळीच्या शेपटीच्या आकाराशी जोडलेले असते. .३०८ मधली १६८ ग्रेनची प्रसिद्ध मॅच गोळी हे त्याचे नेहमीचे उदाहरण. तिच्या शेपटीचा उतार १३ अंशांचा, म्हणजे बराच तीव्र आहे, आणि ध्वनीच्या वेगाजवळ आली की ती अस्वस्थ होते. १७५ ग्रेनची तिचीच बहीण तो पट्टा बऱ्यापैकी पार करते.

पन्नास मीटर (पुणे)

आभारी आहे. आता एक भाबडा प्रश्न: पुढच्या सुट्टीत पुण्याला येताना कुणाला अशी एखादी नळी सामानातून आणता येईल का?

लेथवाला (मिशिगन)

ताई, अजिबात नाही, आणि कुणी आणतो म्हटले तरी आणू देऊ नका. अमेरिकेत नुसती नळी कायद्याने बंदूक ठरत नाही, रिसीव्हर (रायफलीचा मुख्य सांगाडा) ठरतो, त्यामुळे इथे ती टपालाने घरी येते आणि लोकांना ती साधी वस्तू वाटू लागते. पण देशाबाहेर न्यायची झाली की निर्यात परवाना लागतो, आणि भारतात शस्त्राचे भागही शस्त्र कायद्याखाली येत असल्यामुळे आयात परवाना लागतो. रीतसर मार्ग रायफल संघटनेमार्फतच जातो.

कागदवेधी (ओहायो)

मूळ मुद्द्याकडे वळतो. एक हिशेब राहिला आहे तो स्पिन ड्रिफ्टचा. उजव्या पिळाची गोळी उजवीकडे वाहते आणि पीळ घट्ट केला की जास्त वाहते.

पायथ्याचा पांथस्थ (डेन्व्हर)

तो हिशेब मी केला आहे. लिट्झ यांच्या अंदाजी सूत्रानुसार हे वाहणे इंचांत १.२५ गुणिले (स्थैर्य गुणांक + १.२) गुणिले उड्डाणकाळाचा १.८३ वा घात इतके असते. हजार यार्डांना दीड सेकंद धरला तर १:८ ला ७ इंच आणि १:७.५ ला साडेसात इंच. अर्धा इंच. त्याच अंतरावर वाऱ्याचा अंदाज ताशी एक मैलाने चुकला तर गोळी त्याच्या कितीतरी पट सरकते. शिवाय स्पिन ड्रिफ्ट दर वेळी तेवढेच असते, गणक ते आधीच वजा करतो. वारा तेवढी कृपा करत नाही.

आतापर्यंतच्या चर्चेने माझा निर्णय जवळपास झाला आहे आणि तो असा. फक्त कोलोरॅडोत आणि फक्त १०५ ग्रेनची गोळी मारायची असती तर कागदवेधींचे म्हणणे ऐकून मी १:८ घेतला असता. पण मला वसंताच्या सुरुवातीला कॅन्सस आणि त्याच्या पूर्वेच्या सखल मैदानांवर खेळायला जायचे आहे, आणि ११५ ग्रेनची गोळीही वापरून पाहायची आहे. तिची लांबी १.३५ इंच आणि वेग २८५० धरला तर प्रमाण हवेत १:८ ला गुणांक १.२६ येतो, १:७.५ ला १.४३. पहिला आकडा मला मान्य नाही, दुसरा चालवून घेता येतो, आणि घरी डेन्व्हरला तोच १.७ च्या वर जातो. ११५ ग्रेनची गोळी मंद असल्यामुळे १:७.५ मध्ये तिची गिरकीही २,७३,६०० एवढीच राहते.

यात आणखी एक गोष्ट मला धीर देते. ६ मिमी क्रीडमूरची नळी दीड-दोन हजार फैरींत उतरणीला लागते. जो नियमित सामने खेळतो त्याला ती एका-दोन हंगामांत बदलावीच लागते, तेव्हा हा निर्णय जन्माचा नाही. दोन पिढ्या टिकणारी शिकारीची रायफल बांधणाऱ्याने पिळावर माझ्यापेक्षा जास्त वेळ घालवावा.

कागदवेधी (ओहायो)

मला अजूनही १:८ च योग्य वाटतो. जी गोळी तुम्ही अजून विकतही घेतलेली नाही तिच्यासाठी पीळ बदलता आहात. पण तुमचे गणित खोटे नाही, आणि १:७ चा मोह टाळलात हे उत्तम केले.

बे एरियातला सांगलीकर

नळी कट रायफलिंगची घेताय की बटनची? कारण छापलेला पीळ आणि मिळालेला पीळ यांत फरक असू शकतो असे ऐकले आहे.

लेथवाला (मिशिगन)

असू शकतो. बटन पद्धतीत भोकातून कार्बाइडचे बटन दाबाने ओढले किंवा ढकलले जाते आणि ते धातू बाजूला सारत एकाच फेरीत सगळे आटे उमटवते. पोलादात कुठे कडकपणा कमीजास्त असला तर बटन किंचित घसरू शकते आणि पीळ छापल्यापेक्षा थोडा सैल निघतो. कट पद्धतीत एक बारीक हूक प्रत्येक आट्यातून पुन्हा पुन्हा फिरतो आणि दर वेळी केसाहून पातळ कीस काढतो. पीळ यंत्रावरच बांधलेला असल्याने तो हुकमी येतो, पण काम वेळखाऊ असते. चांगल्या कारखान्याच्या दोन्ही पद्धतींच्या नळ्यांनी सामने जिंकलेले आहेत, त्यामुळे पद्धतीवरून भांडू नये. आकडा थोडा इकडेतिकडे असला तरी बिघडत नाही; बिघडते ते पीळ नळीच्या तोंडाकडे सैल होत गेला तर, कारण मग आट्यांनी गोळीवर आधी पाडलेले खाचे पुढच्या आट्यांत नीट बसत नाहीत.

पांथस्थराव, ब्लँक (चेंबर, म्हणजे काडतुसाची खोली, अजून न कापलेली नळी) हातात आली की चेंबर कापायला देण्याआधी पीळ स्वतः मोजा. मूठ बेअरिंगवर मोकळी फिरणारी क्लीनिंग रॉड घ्या, टोकाला घट्ट बसेल असा चिंधीचा पॅच लावा आणि नळीत जराशी आत ढकला. रॉडवर वरच्या बाजूला मार्करने एक रेघ ओढा आणि ब्लँकच्या कडेला लागून चिकटपट्टीचा एक वेढा द्या. आता हळूहळू ढकला. रेघ फिरत खाली जाईल आणि पुन्हा बरोबर वर येईल. तिथे थांबून कडेला लागून दुसरी चिकटपट्टी लावा आणि दोन पट्ट्यांमधले अंतर मोजा. साडेसात इंचांच्या आसपास आले पाहिजे. नळीच्या मागच्या भागात, मध्ये आणि तोंडाजवळ असे वेगवेगळ्या जागी मोजा आणि पॅच दर वेळी नवा घ्या, कारण सैल झालेला पॅच आट्यांवरून घसरतो आणि खोटे माप देतो. ज्या टोकाला पीळ काकणभर घट्ट भरेल ते टोक तोंडाकडे ठेवायला गनस्मिथला सांगा. हे सगळे चेंबर कापण्याआधीच करायचे, कारण एकदा रीमर (चेंबर कापायचे हत्यार) फिरला की ती नळी कुठलाही कारखाना परत घेत नाही.